अर्ज न केलेल्यांची बाजू

२०२५ साली गौरीपूजन १ सप्टेंबरला, सोमवारी आले. आमच्याकडे गौरी उभ्या करण्याची जुनी पद्धत आहे आणि त्या एका दिवसासाठी पुण्या-मुंबईला पांगलेली सारी मंडळी गावच्या घरी जमतात. दुपारची पंगत उशिरा उठली. बायका माजघरात विडे करीत बसल्या होत्या आणि आम्ही पुरुषमंडळी पुरणाच्या जडपणाने ओसरीवर भिंतीला टेकलो होतो. तेवढ्यात माझ्या पुतण्याचा मोबाइल वाजू लागला, तो थांबेचना. एकामागून एक निरोप. तो उठून अंगणात गेला आणि परत आला तेव्हा त्याचा चेहरा उतरलेला होता.

"काका, आता आम्हालाही टीईटी द्यायची आहे. नाही तर नोकरी जाणार."

पुतण्या प्राथमिक शिक्षक आहे. डोंगरातल्या एका दोनशिक्षकी शाळेत शिकवतो. २००६ साली शिक्षणसेवक म्हणून लागला तेव्हा महिना तीन हजार रुपये मानधन होते. तीन वर्षे त्यावर काढली, मग नियमित झाला. डी.एड. चांगल्या गुणांनी झालेला, निवड यादीतून रीतसर आलेला. त्या दिवशी तो त्रेचाळीस वर्षांचा होता आणि निवृत्तीला अजून पंधरा वर्षे होती.

त्याच दिवशी सर्वोच्च न्यायालयाने 'अंजुमन इशात-ए-तालीम ट्रस्ट विरुद्ध महाराष्ट्र शासन' आणि त्यासोबतच्या खटल्यांचा निकाल दिला होता. न्यायमूर्ती दीपांकर दत्ता आणि न्यायमूर्ती मनमोहन यांच्या खंडपीठाने सांगितले की, पहिली ते आठवीच्या शिक्षकांना शिक्षक पात्रता परीक्षा, म्हणजे टीईटी, अनिवार्य आहे. आधीपासून सेवेत असलेल्यांनाही. ज्यांची पाच वर्षांपेक्षा जास्त सेवा उरली आहे त्यांनी दोन वर्षांत ती उत्तीर्ण व्हावे, नाही तर सेवा सोडावी किंवा सक्तीने निवृत्त व्हावे. ज्यांची पाच वर्षांपेक्षा कमी सेवा उरली आहे त्यांना तशीच नोकरी पुरी करता येईल, पण बढती हवी असेल तर परीक्षा आहेच. अल्पसंख्याक संस्थांच्या शाळांचा प्रश्न मोठ्या पीठाकडे सोपवला गेला.

ओसरीवर एकदम गलका झाला. कोणी न्यायालयाला नावे ठेवली, कोणी सरकारला. माझी थोरली बहीण, आमची ताई, आतून विड्याचे तबक घेऊन आली होती. तिने सारे ऐकून घेतले आणि पुतण्याला शांतपणे एवढेच म्हणाली, "तुला निदान पुढची तारीख तरी दिली रे. आमच्या वेळी तारीख गेली की गेली."

ताईचे हे वाक्य ऐकले आणि माझा घास घशात अडकावा तसे झाले. ते वाक्य कुठून आले, हे त्या घरात फक्त मला ठाऊक होते.

१९८४ साली ताईने बी.एड.ची परीक्षा दिली. निकालाची वाट पाहत असताना एका नगरपालिकेची माध्यमिक शिक्षकांच्या जागांची जाहिरात वर्तमानपत्रात आली. अर्जाची शेवटची तारीख ३० जून. त्या तारखेस बी.एड. उत्तीर्ण असलेल्यांनीच अर्ज करावेत, असे स्पष्ट लिहिलेले. ताईने जाहिरात दोनदा वाचली, कात्रण काढून वडिलांना दाखवले. वडील जुन्या वळणाचे, मुलकी परीक्षा होऊन मास्तर झालेले. ते म्हणाले, "आपण त्यात बसत नाही. पुढच्या वेळी पाहू." ताईने अर्ज केला नाही. निकाल लागला ९ जुलैला. नऊ दिवस उशिरा.

तिच्याच वर्गातल्या तिच्या मैत्रिणीने मात्र अर्ज केला होता. पात्रतेच्या रकान्यात 'निकाल प्रतीक्षेत' असे लिहून. मुलाखती ऑगस्टमध्ये झाल्या. तोवर गुणपत्रिका हाती आली होती. ती घेऊन मैत्रीण गेली, निवडली गेली आणि पुढे मुख्याध्यापिका होऊन निवृत्त झाली. ताईला नोकरी मिळायला १९८७ साल उजाडले, तेही रोज एसटीने वीस किलोमीटर जाऊन वीस किलोमीटर परत येण्याची. ती सहायक शिक्षिका म्हणून निवृत्त झाली. दोघींची मैत्री आजही आहे. मैत्रिणीने खोटे काहीच केले नव्हते. तिने विचारले, समोरच्याने हो म्हटले.

मग ताईवर अन्याय झाला की नाही? झाला असेल तर कोणी केला? पुष्कळ वर्षे मला याचे उत्तर देता आले नव्हते. ते मिळाले तेव्हा त्या अन्यायात मी स्वतःच सामील होतो.

माझी सारी नोकरी आस्थापना शाखेत गेली. अर्ज मोजायचे, आवक क्रमांक टाकायचे, छाननी करायची, पात्र-अपात्र याद्या लावायच्या. १९९४ साली आमच्या कार्यालयाकडे शिक्षक भरतीचे काम होते. छाननीत अकरा अर्ज असे निघाले की, उमेदवारांचा पदविकेचा निकाल शेवटच्या तारखेनंतर लागला होता. उशीर त्यांचा नव्हता, परीक्षा घेणाऱ्यांचा होता. मला ताई आठवली. मी टिपणी लिहिली: 'उमेदवारांचा दोष नसल्याने सहानुभूतीपूर्वक विचार व्हावा.' वरिष्ठांनी सही केली. अकराही जण मुलाखतीला बसले आणि त्यांतले काही लागले. एक पुण्यकर्म केल्याच्या समाधानात मी होतो.

महिन्याभराने एक मुलगी माझ्या टेबलापाशी येऊन उभी राहिली. हातात जाहिरातीचे कात्रण. तिने लागलेल्यांपैकी एकाचे नाव घेतले आणि म्हणाली, "साहेब, आम्ही एकाच वर्गात होतो. निकाल एकाच दिवशी लागला. मला जास्त गुण आहेत. मी अर्ज केला नाही, कारण मला वाटलं, जाहिरात खरी आहे."

माझ्याकडे उत्तर नव्हते. तिच्यासाठी फाइलही नव्हती. तिचा अर्ज आलाच नव्हता. त्यामुळे सरकारी भाषेत ती मुलगी अस्तित्वातच नव्हती. सहानुभूती दाखवताना मी ताईची आठवण ठेवली होती आणि प्रत्यक्षात ताईवर झाला तोच अन्याय दुसऱ्या मुलीवर केला होता.

शिक्षक भरतीतल्या पात्रतेच्या तारखांचे वाद गेली चाळीस-पन्नास वर्षे न्यायालयांत चालू आहेत. निवृत्तीनंतर मी त्यांतली काही निकालपत्रे मिळवून वाचली. भाषा जड असते, पण वाचत गेले की गोष्ट सापडते, आणि ती बहुतेक वेळा एकच असते: कोणाची तरी पदवी शेवटच्या तारखेनंतर हातात पडलेली आणि मुलाखतीच्या आधी.

राजस्थान विद्यापीठातल्या अध्यापकांच्या निवडीचा खटला १९९३ साली सर्वोच्च न्यायालयाने निकालात काढला. रेखा चतुर्वेदी खटला म्हणून तो प्रसिद्ध आहे. पात्रता निवडीच्या दिवशी पाहावी, अर्जाच्या शेवटच्या तारखेला नव्हे, असा युक्तिवाद तिथे झाला. न्यायालयाने तो सपशेल फेटाळला. कारण साधे होते. निवड कोणत्या दिवशी होईल हे कोणालाच आधी ठाऊक नसते. ती महिन्याने होईल, वर्षानेही होईल. मग अर्ज करणाऱ्याने आपण पात्र आहोत की नाही, हे कशावरून ठरवायचे? आणि अनिश्चित तारखेचा आणखी एक धोका असतो: आपला माणूस पात्र होईपर्यंत मुलाखत पुढे ढकलत राहता येते.

दुसरा खटला शिक्षकांचा नव्हे, जम्मू-काश्मीरमधल्या कनिष्ठ अभियंत्यांचा; पण शिक्षक भरतीच्या वादांत त्याचा दाखला हटकून दिला जातो. अर्जाची शेवटची तारीख १५ जुलै १९८२, अभियांत्रिकीचा निकाल २१ ऑगस्टला, मुलाखती २४ ऑगस्टपासून. ताईच्या मैत्रिणीचीच गोष्ट. सर्वोच्च न्यायालयाच्या पहिल्या निकालात बहुमत अशा उमेदवारांच्या बाजूने गेले: मुलाखतीपर्यंत पदवी आली ना, मग झाले. पण १९९७ साली अशोककुमार शर्मा खटल्याच्या पुनर्विलोकनात तीन न्यायमूर्तींनी हे मत चुकीचे ठरवले. त्यांनी दिलेले कारण वाचताना मी थबकलो. त्यांच्या म्हणण्याचा आशय असा की, नंतर पात्र होणाऱ्यांनाही घेतले जाणार हे आधी माहीत असते, तर त्यांच्यासारख्या इतरांनीही अर्ज केले असते. जाहिरात म्हणजे सरकारने साऱ्या जनतेला केलेले निवेदन आहे आणि सरकार त्याने बांधलेले आहे.

कात्रण हातात धरून माझ्या टेबलापाशी उभ्या राहिलेल्या मुलीचे म्हणणे देशाच्या सर्वोच्च न्यायालयाने तीन वर्षांनी आपल्या शब्दांत मांडले होते.

पंजाबात तर मुलाखतीच्या दिवशी पात्रता पाहण्याची पद्धतच पडली होती. तिथल्या शिक्षक भरतीचा वाद भूपिंदरपाल सिंग खटल्यात २००० साली सर्वोच्च न्यायालयापर्यंत आला आणि नियम पायऱ्या-पायऱ्यांनी स्पष्ट झाला. सेवानियमांत पात्रतेची तारीख दिलेली असेल तर ती धरायची. नसेल तर जाहिरातीत दिलेली तारीख. तीही नसेल तर अर्ज स्वीकारण्याची शेवटची तारीख. ही पंजाबी पद्धत थांबली पाहिजे, असे न्यायालयाने बजावले.

नियम इतका सरळ आहे. मग वाद का संपत नाहीत? याचे एक कारण या निकालांच्या शेवटच्या पानांवर सापडते. राजस्थानात नियम मोडून झालेल्या निवडी न्यायालयाने रद्द केल्या नाहीत, कारण माणसे बरीच वर्षे काम करीत होती. पंजाबातही आधी नेमल्या गेलेल्यांना संरक्षण मिळाले. न्यायालयाचे मन मला समजते. दहा वर्षे शिकवत असलेल्या, घरकर्ज काढलेल्या, मुलांना शाळेत घातलेल्या माणसाला उद्यापासून येऊ नकोस, असे कोण म्हणेल? पण या दयेचा हिशेब मांडून पाहा. नियम प्रस्थापित झाला, पण ज्यांनी तो पाळला त्यांच्या हाती काही आले नाही. ज्यांना नियम डावलून घेतले गेले त्यांची नोकरी टिकली. जे प्रामाणिकपणे घरी बसले ते घरीच राहिले.

यातून तरुण मुले जो धडा घ्यायचा तो घेतात. जाहिरात काही म्हणो, अर्ज टाकून ठेवावा. एकदा आत शिरलो की न्यायालयही बाहेर काढत नाही. आज एकेका भरतीवर शेकडो याचिका पडतात याला सगळे बेकारीवर ढकलून चालणार नाही. अटी गंभीरपणे घेऊ नयेत, हे आपणच त्यांना शिकवले आहे.

अलीकडचे उदाहरण घ्या. राष्ट्रीय अध्यापक शिक्षण परिषदेने २८ जून २०१८ च्या अधिसूचनेने बी.एड. झालेल्यांना पहिली ते पाचवीसाठी पात्र ठरवले. नेमणुकीनंतर दोन वर्षांत सहा महिन्यांचा एक अभ्यासक्रम करायचा, एवढीच अट. हजारो मुलांनी त्या भरवशावर परीक्षा दिल्या. ११ ऑगस्ट २०२३ रोजी देवेश शर्मा खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ती अधिसूचना रद्द केली. लहान मुलांना शिकवण्याचे शास्त्र वेगळे आहे, ते डी.एड.वाल्यांना शिकवले जाते, बी.एड.वाल्यांना नाही, हे न्यायालयाचे म्हणणे मला पटते. पुढे एप्रिल २०२४ मध्ये न्यायालयाने खुलासा केला की, ११ ऑगस्टपूर्वी रीतसर नेमलेल्यांना धक्का लागणार नाही. म्हणजे त्याच अधिसूचनेवर विश्वास ठेवलेल्या दोघांपैकी ज्याच्या राज्यात भरती लवकर उरकली तो शिक्षक झाला आणि ज्याच्या राज्यात फाइल रेंगाळली तो राहिला. यात त्या दोघांचे कर्तृत्व काय आणि दोष काय?

इथे एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. तारीख कडक असावी म्हणजे कारकुनाने आडमुठा असावे, असे मी म्हणत नाही. अर्हता असणे वेगळे आणि तिचा कागद हाती असणे वेगळे. १९८० साली केरळमधल्या वैद्यकीय प्रवेशाच्या एका खटल्यात न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी हा भेद फार चांगला दाखवला आहे. पदविका दिलेल्या तारखेपूर्वी मिळवलेली असणे हे मुख्य. तिचे प्रमाणपत्र थोडे उशिरा आले तर तो पुराव्याचा तपशील. निकाल २५ जूनला लागला आणि प्रमाणपत्र ऑगस्टमध्ये छापून आले, तर उमेदवार ३० जूनला पात्रच होता. त्याला कागदासाठी अडवणे हा जुलूम आहे. पण निकालच ९ जुलैला लागला असेल तर तो ३० जूनला पात्र नव्हता. ताई पात्र नव्हती. तिची मैत्रीणही नव्हती.

तरीही हा हिशेब अपुरा आहे. कारण तारीख ठरवणारा आणि निकाल लावणारा हे दोघे पुष्कळदा एकच असतात. जाहिरात सरकारची, शिक्षणशास्त्राची परीक्षा सरकारच्या किंवा विद्यापीठाच्या हाती, पात्रता परीक्षाही सरकारचीच. उमेदवाराने एक दिवस उशीर केला तर तो बाद. परीक्षा घेणाऱ्याने तीन वर्षे उशीर केला तर त्याला कोण बाद करणार?

आपल्या महाराष्ट्रात टीईटी पहिल्यांदा १५ डिसेंबर २०१३ रोजी झाली. २१ नोव्हेंबर २०२१ रोजी झालेल्या परीक्षेनंतर पुढची राज्य टीईटी थेट १० नोव्हेंबर २०२४ ला झाली. मधली तीन वर्षे मुलांनी केंद्राच्या सीटीईटीवर भिस्त ठेवली. 'पवित्र' प्रणालीतून नेमणुका व्हायच्या तर अभियोग्यता चाचणी लागते. ती पहिल्यांदा २०१७ च्या डिसेंबरात झाली आणि दुसरी २०२३ मध्ये. २०१८ साली पदविका घेऊन बाहेर पडलेल्या मुलीने पाच वर्षे काय करायचे? तिचे वय तर थांबत नव्हते. वयोमर्यादा हीदेखील एक तारीखच आहे आणि ती सर्वांत निर्दय. २०२५ च्या चाचणीला शेवटच्या वर्षाला असलेल्या विद्यार्थ्यांनाही बसू दिले गेले, हे चांगले झाले. कारण ते आधीच जाहीर करून, सर्वांना सांगून केले होते. सवलत आणि मेहेरबानी यांत हाच फरक आहे. सवलत जाहिरातीत छापलेली असते. मेहेरबानी टिपणीत लिहिलेली असते, आणि ती मी एकदा लिहिलेली आहे.

पश्चिम बंगालमध्ये हाच पेच पुढे आला होता. तिथल्या प्राथमिक शिक्षक भरतीत २०२०-२२ च्या तुकडीचा पदविका अभ्यासक्रम महामारीच्या काळात रखडला आणि त्या मुलांना घ्यायचे की नाही यावर वाद झाला. कलकत्ता उच्च न्यायालयाच्या खंडपीठाने त्यांना बाहेर ठेवले. २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यांना दिलासा दिला. त्या मुलांसाठी मला आनंद वाटतो. पण मधल्या वर्षांत मुले न्यायालयाच्या पायऱ्या झिजवत होती आणि शाळांत जागा रिकाम्या होत्या. पहिलीत असलेले पोर तोवर चौथीत गेले. त्याला कोणत्या खंडपीठाने दिलासा द्यावा?

आता पुन्हा पुतण्याकडे येतो, कारण त्याचा प्रश्न ताईच्या प्रश्नाहून वेगळा आहे. ताई दाराबाहेर होती; तो एकोणीस वर्षे घरात राहत आहे. तो लागला तेव्हा टीईटी नावाची परीक्षाच नव्हती. शिक्षणहक्क कायदा १ एप्रिल २०१० रोजी लागू झाला आणि त्याच वर्षी २३ ऑगस्टच्या अधिसूचनेने टीईटी आली. त्याच अधिसूचनेत, आधीच्या नियमांनुसार नेमलेल्या शिक्षकांना नव्या किमान अर्हतेतून सूट असल्याचे कलम होते. ते वाचून पुतण्या निश्चिंत झाला. दुसरीकडे कायद्याच्या तेविसाव्या कलमात, ज्यांच्याकडे किमान अर्हता नाही त्यांनी ती पाच वर्षांत मिळवावी असे लिहिले होते. २०१७ च्या दुरुस्तीने ही मुदत ३१ मार्च २०१९ पर्यंत वाढवली गेली. अधिसूचना सूट देते आणि कायदा मुदत घालतो, यांतले कोणते खरे, हे ठरायला २०२५ साल उजाडले.

न्यायालयाचे म्हणणे डावलण्यासारखे नाही. हा कायदा मुलांच्या हक्काचा आहे, शिक्षकांच्या सोयीचा नाही. वाडीवरच्या मुलाला शिकवणारा माणूस किमान कसोटीला उतरलेला असावा, ही अपेक्षा चुकीची कशी म्हणता येईल? निकालात कठोरपणाबरोबर दयाही आहे; निवृत्तीच्या जवळ आलेल्यांना न्यायालयाने आपले विशेष अधिकार वापरून वाचवले. पण माझ्या टेबलापाशी उभ्या राहिलेल्या मुलीचे वाक्य पुतण्याच्या तोंडीही शोभते. २०१० साली त्यालाही वाटले होते की, छापलेले खरे आहे. आत आलेल्या माणसाच्या पायाखालची अट पंधरा वर्षांनी बदलायची असेल, तर त्याला नुसती तारीख देऊन चालणार नाही. ती गाठण्याचे साधनही दिले पाहिजे: वर्षातून ठरलेल्या वेळी परीक्षा, अभ्यासाला सुट्टी, जवळपास मार्गदर्शन. दोनशिक्षकी शाळेतला एक शिक्षक परीक्षेच्या धास्तीने पुस्तकात डोके घालून बसला, तर त्याच्या दोन वर्गांकडे कोण पाहणार, याचा विचार तारीख घालून देणाऱ्याने करायचा असतो.

मला जे सुचते ते कारकुनी आहे, पण कारकुनी गोष्टींनीच आयुष्ये घडतात आणि बिघडतात. एक, पदविकेचा निकाल, पात्रता परीक्षा आणि भरतीची जाहिरात यांचे वर्षाचे वेळापत्रक आधी छापावे आणि निकाल लागण्याआधी अर्जाची मुदत संपणार नाही, अशी ती रचना असावी. दोन, निकालाची वाट पाहणाऱ्यांना घ्यायचे की नाही, हे जाहिरातीतच ठळक लिहावे. तीन, जाहिरातीनंतर अट सैल करायची वेळ आलीच तर पुन्हा जाहिरात द्यावी, पुन्हा अर्ज मागवावेत. भले महिना जास्त लागो. आणि चार, तारखेचे वाद नेमणुकीच्या आधी निकालात निघावेत. नेमणूक झाल्यावर दया आड येते आणि नियम नुसता पुस्तकात उरतो.

कोणी म्हणेल, नऊ दिवसांसाठी एखादी उत्तम शिक्षिका गमवायची काय? ताईसारखी गमवायची काय, असेच ते विचारणे आहे. माझे उत्तर असे की, नऊ दिवस माफ करायचे तर सर्वांना करा. ज्याने विचारण्याचे धाडस केले त्यालाच माफ करू नका. कारण रेषा कुठेही ओढली तरी कोणी तरी तिच्या पलीकडे एका दिवसाने राहणारच आहे. ती एकसारखी असेल तर पलीकडचा माणूस हळहळतो, पण पुढच्या वर्षी पुन्हा तयारीला लागतो. ती वाकडी असेल तर त्याचा विश्वास जातो, आणि तो विश्वास गेलेला माणूस पुढे मास्तर झाला तर मुलांना कोणता धडा देणार?

त्या दिवशी संध्याकाळी आरती झाली, पाहुणे पांगले. पुतण्या ओसरीवर एकटाच मोबाइलमध्ये अभ्यासक्रम उघडून बसला होता. दीडशे गुणांपैकी तीस बालमानसशास्त्राचे आहेत, हे पाहून तो म्हणाला, "आत्या, हे डी.एड.ला शिकलो होतो, आता काही आठवत नाही."

ताई चष्मा पुसत त्याच्याजवळ येऊन बसली. "ते होईल. मी घेते तुझी तयारी," ती म्हणाली. "पण आधी मला सांग, अर्जाची शेवटची तारीख कोणती आहे?"